तीन कोच आणि एक गुडघा

पत्र थोडक्यात असं: गोव्यातल्या पेडण्याकडच्या एका आईनं लिहिलंय. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, फुटबॉलचं वेड. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आहे, शाळेच्याच व्हॉलीबॉल टीममध्येही आहे, संध्याकाळी गावच्या क्लबात मुलांबरोबर खेळते आणि रविवारी सकाळी म्हापशाला अ‍ॅकॅडमीत जाते. चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, डाव्या गुडघ्याच्या खाली दुखायला लागलं, तिथं हाडावर टेंगूळ आल्यासारखं दिसतं, पायऱ्या उतरताना आणि गुडघे टेकताना कळ येते. गेल्या महिन्यात अ‍ॅकॅडमीत 'मूव्हमेंट टेस्ट' झाली, २१ पैकी १२ मिळाले. कोच म्हणाले १४ किंवा त्याखाली म्हणजे हाय रिस्क, हालचाली चुकीच्या आहेत म्हणूनच गुडघा दुखतो, आठवड्याला दोन जादा पर्सनल सेशन लावा, महिन्याला तीन हजार. शाळेचे सर म्हणतात वाढीचं दुखणं आहे, खेळता खेळता जाईल. नवरा बोटीवर, त्याचा व्हॉइस मेसेज की आम्ही कापलेल्या शेतात अनवाणी खेळलो, आम्हाला कुठं काय झालं. सासूबाई म्हणतात आता मोठी झाली, पुरे तो फुटबॉल. सोबत टेस्टच्या कागदाचा फोटो आणि मुलीचं आठवड्याचं वेळापत्रक. प्रश्न एकच: "बंद करू की पैसे भरू? सोमवारपर्यंत सांगायचंय."

ताई,

सोमवार तोंडावर आलाय म्हणून आधी मुद्द्याचं सांगते, मग सावकाश बोलू. पैसे आत्ता भरू नका, खेळही बंद करू नका आणि गुडघा एकदा हात लावून तपासणाऱ्या माणसाला दाखवा. म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात दाखवा, नाहीतर ओळखीचा हाडांचा डॉक्टर, चांगला फिजिओ, कुणीही चालेल. मी स्वतः फिजिओ आहे, वर्षानुवर्षं पोरांचे गुडघे बघतेय, पण पत्र वाचून निदान करत नाही. तुमचं वर्णन वाचून काय वाटतं ते मात्र सांगते.

आधी तो कागद. फोटो पाठवलात ते फार बरं केलंत कारण सगळी गोम तिथंच आहे. ही टेस्ट फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन नावानं ओळखतात. सात हालचाली असतात, प्रत्येकीला शून्य ते तीन मार्क, सगळे मिळून २१. काठी डोक्यावर धरून खोल बसायचं, अडथळ्यावरून पाय टाकायचा, एका रेषेत पाय ठेवून लंज मारायचा म्हणजे गुडघे वाकवून खाली जायचं, खांदे बघतात, झोपून सरळ पाय उचलायला लावतात, एक पुशअप आणि शेवटी ओणवं राहून हात-पाय उचलून तोल सांभाळायचा. आता मुलीचे मार्क बघा. अडथळा २, खांदे ३, पाय उचलणं ३, पुशअप २, तोल २. झाले बारा. आणि खोल बसणं शून्य, लंज शून्य.

शून्य कधी देतात माहितीय? ती हालचाल करताना दुखलं तर. जमलं नाही तरी एक मिळतो, वाकडंतिकडं जमलं तर दोन, पण दुखलं की सरळ शून्य, हा त्या टेस्टचाच नियम आहे. म्हणजे तुमच्या लेकीला सातपैकी पाच हालचालींत १५ पैकी १२ आहेत, जे काही वाईट नाहीत हो, आणि उरलेल्या दोन हालचाली अशा आहेत की ज्यात गुडघा खूप वाकतो आणि तिचा गुडघा तेव्हा आधीच दुखत होता. चवथ आधी, टेस्ट नंतर. मग हालचाल चुकीची म्हणून गुडघा दुखतो हे कुठून आलं? दुखतंय म्हणून मार्क कमी, आणि मार्क कमी म्हणून दुखतंय, असा गोल गोल कारभार झाला हा. शून्य मिळालं की पुढं काय करायचं हेही ठरलेलं असतं, सेशन विकायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

आणि ते १४ चं काय? तो आकडा २००७ सालच्या एका अभ्यासातून आलाय. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवर केलेला, फुटबॉल म्हणजे त्यांचा तो हेल्मेटवाला, हातात बॉल घेऊन पळायचा. एका टीमचे ४६ खेळाडू. शंभर-शंभर किलोच्या त्या बाप्यांचा आकडा पेडण्याच्या तेरा वर्षांच्या पोरीला लावायचा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शर्टाच्या मापानं तिचा युनिफॉर्म शिवण्यासारखं आहे. पुढं बरेच अभ्यास झाले आणि कुणाला दुखापत होणार हे या मार्कांवरून आधी सांगता येत नाही असंच दिसत गेलं. नॉर्वेचे रोआल्ड बार, खेळांच्या दुखापतींवर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यांनी २०१६ मध्ये सरळ लिहिलं की असल्या तपासण्यांनी दुखापतीचं भाकीत होत नाही आणि बहुधा कधी होणारही नाही. कारण साधं आहे. दुखापत होणारी आणि न होणारी, दोन्ही पोरांचे मार्क इतके एकमेकांत मिसळलेले असतात की मध्ये रेघ कुठंही मारा, बरेच जण चुकीच्या बाजूला पडतात.

कोच फसवतोय असं मी म्हणत नाही हां. बरेचदा त्यांनीही एखाद्या वीकेंड कोर्समध्ये हेच ऐकलेलं असतं आणि प्रामाणिकपणे लावत असतात. टेस्टचा उपयोगही आहे, पोर कुठं अडतं ते दिसतं, तीन महिन्यांनी परत बघता येतं. फक्त तिची पत्रिका मांडू नये.

मग हालचालीला काही अर्थच नाही का? आहे, खूप आहे, आणि विशेष करून मुलींच्या बाबतीत. फुटबॉलमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट फाटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतं आणि बऱ्याच वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो, पोरगी वळायला गेली, उडी मारून उतरली आणि गुडघा आत पडला. हे शिकवून कमी करता येतं. फिफाचा एक वॉर्मअप आहे, इलेव्हन प्लस म्हणतात, वीस मिनिटांचा, फुकट, इंटरनेटवर सगळे व्यायाम आहेत: हळू धावणं, प्लँक, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक, उड्या, वळण. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सव्वाशे क्लबांतल्या १८०० हून जास्त मुलींवर तो तपासला, २००८ मध्ये निकाल छापून आला. वॉर्मअप करणाऱ्या मुलींमध्ये एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी, आणि अतिखेळानं होणाऱ्या, म्हणजे तुमच्या लेकीच्या दुखण्यासारख्या, जवळजवळ निम्म्या. तीन हजार रुपये कुठंच लागत नाहीत, अख्ख्या टीमला एकदम होतं. अट एकच की आठवड्यातून निदान दोनदा आणि मनापासून करायचं, नाहीतर आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन चकरा, सर फोनवर आणि शेवटच्या चार पोरी गप्पा मारत चालतायत.

गुडघा बरा झाल्यावर घरच्या घरी एक गंमत करून बघा (दुखत असताना नको). अंगणात उतरायची जी शेवटची पायरी असते ना, तिच्यावरून लेकीला दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि तुम्ही समोर तुळशीजवळ उभ्या राहा. गुडघे एकमेकांकडे आत पडतात का बघा. मग डोळे मिटा आणि नुसता आवाज ऐका. धप्प असा आवाज आला तर ती पाय ताठ ठेवून उतरतेय. "मांजरासारखी उतर" म्हटलं की बहुतेक पोरी तिसऱ्या-चौथ्या उडीला आपोआप गुडघे-कंबर वाकवून उतरायला लागतात, मला हे दरवेळी बघायला आवडतं, कुणी काही टेक्निकल सांगायची गरज नसते.

आता खरा विषय. तुम्ही पत्रात एक वाक्य सहज टाकून दिलंय, "चवथीनंतर दुखायला लागलं". मी तिथंच थांबले.

चवथीत काय होतं आपल्याकडे? आठ-दहा दिवस शाळा बंद, क्लब बंद, अ‍ॅकॅडमी बंद. पोरं माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या छताला, हात लावणार, आरत्या करत घरोघर फिरणार, नेवऱ्या खाणार, रात्री जागणार. पळणं शून्य. आणि चवथ संपली की दुसऱ्या दिवसापासून तिन्ही कोच एकदम जागे होतात कारण सगळ्यांच्या टुर्नामेंट त्याच पंधरवड्यात असतात. प्रत्येकाला वाटतं सुट्टीत पोरं सुस्तावली, आता भरून काढू. तिघांनी थोडं थोडं भरून काढलं तरी गुडघा एकच आहे.

तुम्ही दिलेल्या वेळापत्रकावर मी पेन्सिल घेऊन बसले. शाळेचा फुटबॉल सोम-बुध-शुक्र एकेक तास, तीन तास. व्हॉलीबॉल मंगळ-गुरु एकेक तास, दोन. क्लब मंगळ-गुरु-शनि दीड दीड तास, साडेचार. रविवारी अ‍ॅकॅडमी दोन तास. साडेअकरा झाले, मॅच सोडून. त्यात ही पर्सनल सेशन एकेक तासाची धरली तर साडेतेरा. पोर तेरा वर्षांचं. एक ढोबळ नियम सांगतात की आठवड्याचे खेळाचे तास वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत, अमेरिकेत डॉ. नीरू जयंती आणि सहकाऱ्यांनी शेकडो पोरांची नोंद ठेवली होती, त्यात वयापेक्षा जास्त तास खेळणाऱ्यांत अतिखेळाच्या गंभीर दुखापती जास्त दिसल्या. नियम ढोबळच आहे, बारा तासांना काही होत नाही आणि चौदाला गुडघा मोडतो असं नसतं. पण मला तासांपेक्षा दुसरंच खटकलं. मंगळवार-गुरुवारी व्हॉलीबॉल संपवून पोरगी तशीच क्लबात जाते. आणि सोम ते रवि एकही दिवस रिकामा नाही. एकही नाही, ताई. सात दिवसांत एक तर सोडाच की बाबा, दोन सोडलेत तर उत्तम.

यात चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, आणि तीच अडचण आहे. शाळेच्या सरांना त्यांचे पाच तास दिसतात, क्लबच्या दादाला साडेचार, अ‍ॅकॅडमीला दोन. प्रत्येकाच्या वहीत पोरगी थोडंच खेळते. आपल्या शाळांत तर तीच पाच-सहा चपळ पोरं फुटबॉलला, तीच व्हॉलीबॉलला, तीच खो-खोला, तीच रिलेला, हे तुम्हालाही माहीत आहे. हल्ली एकाच खेळाच्या मागं लागू नका, वेगवेगळे खेळ खेळू द्या असं आम्हीच सांगतो, पण त्याचा अर्थ पावसात हा आणि उन्हाळ्यात तो. एकाच मंगळवारी दोन्ही असा त्याचा अर्थ नव्हे.

आणि ती वाढतेय. पत्रात लिहिलंय की जूनला घेतलेला स्कर्ट आखूड झाला. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आगेमागे सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाच्या आसपास, त्या वर्षात सात-आठ सेंटीमीटर सहज. पाय आधी लांब होतात, अंग नंतर जुळवून घेतं, म्हणून काल सुरेख ड्रिबल करणारी पोर आज स्वतःच्याच पायात अडखळते आणि कोच म्हणतो हालचाल बिघडली. त्याच वेळी गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा असतो ना, तिथं मांडीच्या मोठ्या स्नायूचा पट्टा येऊन बसतो, तो भाग अजून कच्चा असतो, पुरतं हाड झालेलं नसतं. प्रत्येक किक, प्रत्येक उडी, प्रत्येक ब्रेक त्याला ओढतो. ओढ जास्त आणि भरून यायला वेळ कमी असं झालं की तो भाग सुजतो, दुखतो, टेंगूळ येतं. याला ऑस्गुड श्लाटर म्हणतात, १९०३ मध्ये एका अमेरिकन आणि एका स्विस डॉक्टरनं वेगवेगळं वर्णन केलं म्हणून दोघांची नावं जोडली. लहान पोरांना टाचेत होतं तसलंच, त्याला सेव्हर म्हणतात. तुमच्या लेकीचं वर्णन ऑस्गुडच्या वर्णनाशी जुळतं, पण बघणाऱ्या डॉक्टरनं म्हटल्याशिवाय तेच धरून चालू नका.

म्हणजे शाळेचे सर अर्धे बरोबर आहेत. वाढीशी संबंध आहेच आणि हाड पक्कं झालं की बहुतेकांचं दुखणं जातंच, टेंगूळ कधीकधी राहतं. पण "खेळता खेळता जाईल" हे अर्धं चुकीचं, कारण तेवढाच खेळ रेटला तर वर्षभर, कधी दोन वर्षं रेंगाळतं.

बंद करणं हा सासूबाईंचा उपाय. यावर मी माझीच एक चूक सांगते. नवीन नवीन प्रॅक्टिस होती, असाच एक नववीतला पोरगा आला, मी ऐटीत सांगितलं तीन महिने पूर्ण बंद. पोरानं अक्षरशः पाळलं. गुडघा शांत झाला. तीन महिन्यांनी पहिल्याच आठवड्यात गावच्या टुर्नामेंटला उतरला, दुसऱ्या मॅचला मांडीचा मागचा स्नायू गेला. कसा नाही जाणार, तीन महिने मांडीला काही कामच नव्हतं आणि मग एकदम जानेवारीतलं टणक शेत. त्याचा बाप मला काही बोलला नाही, नुसतं "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना" एवढंच. तेव्हापासून पूर्ण बंद हा शब्द मी फार जपून वापरते. शिवाय या वयात ज्या मुली एकदा खेळातून बाहेर पडतात त्यांना परत आणणं किती कठीण असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, सासूबाईंच्या वाक्यात "आता मोठी झाली" आहे त्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही.

नवऱ्याला माझा नमस्कार सांगा. शेतात अनवाणी खेळायचे ते खरं. पण तेव्हा शिटी मारायला कुणी नव्हतं, दमलं की बांधावर बसायचं, पाय दुखला की गोलकीपर व्हायचं, आणि पाऊस लागला की शेतात भात, खेळ आपोआप बंद, चार महिने अंगाला सुट्टी. त्या खेळाला पोरांचा स्वतःचा ब्रेक होता. त्यांना हेही विचारा की त्यांच्या तेव्हाच्या टीममधले किती जण आज उकिडवे बसू शकतात, बघा काय व्हॉइस मेसेज येतो.

तर मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर चार आठवड्यांसाठी व्हॉलीबॉल थांबवला असता. तो वाईट म्हणून नव्हे, त्यात नुसत्या उड्या असतात आणि हा गुडघा उड्यांवरच चिडलाय. क्लब तीनाचा दोन दिवस, गुरुवार सोडून. बुधवारी शाळेची प्रॅक्टिस नको. मग बुधवार-गुरुवार सलग दोन दिवस रिकामे झाले, आणि तास साडेअकरावरून सातवर आले: शाळा दोन, क्लब तीन, अ‍ॅकॅडमी दोन. जिथं जाईल तिथं पासिंग, फर्स्ट टच, पोझिशन, सगळं करू दे, लांब किक, स्प्रिंट आणि उड्या तेवढ्या कमी. हे कोचला सांगावं लागेल, मुलगी स्वतः सांगणार नाही, टीममधून काढतील ही भीती पोरांना गुडघ्यापेक्षा मोठी असते.

दुखण्याचं माप तिला स्वतःला ठरवू द्या, शून्य ते दहा. खेळताना दोन-तीनपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना गुडघा आदल्या सकाळसारखाच हवा. जास्त दुखला तर कालचा डोस जास्त झाला, पुढचा कमी. लंगडली तर त्या क्षणी बाहेर, मग फायनल असो की आणखी काही. आणि मॅचच्या आधी दुखण्याची गोळी देऊन उतरवायचं नाही, कुणीही कितीही सांगितलं तरी. दुखणं हीच इथली शिटी आहे, तीच काढून घेतली तर पोर थांबेल कशाला. इंजेक्शनचं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. खेळून आल्यावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, बरं वाटतं, त्यानं रोग जात नाही एवढंच.

सोबत मांडीची ताकद. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं राहायचं, जितकं खाली दुखत नाही तितकंच खाली, तीस सेकंद, चार-पाच वेळा. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या पोरांना असाच कार्यक्रम दिला, आधी खेळ कमी आणि असे स्थिर व्यायाम, मग हळूहळू ताकदीचे आणि मग खेळ. बारा आठवड्यांत बहुतेकांनी फरक पडल्याचं सांगितलं, पण पूर्ण खेळात परत जायला अनेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागला. म्हणजे चार आठवड्यांनी सगळं आधीसारखं होईल अशी अपेक्षा धरू नका, चार आठवड्यांनी दिशा कळेल.

आता कालनिर्णय. स्वयंपाकघरात लावलेलं असेलच, त्याच्याच चौकटीत लिहायचं. रोज खेळून आल्यावर लेकीला विचारायचं, आज किती दमलीस, दहापैकी? तो आकडा गुणिले मिनिटं. व्हॉलीबॉल ६० मिनिटं, दमणूक ४, म्हणजे २४०. क्लब ९० मिनिटं, दमणूक ७, म्हणजे ६३०. मंगळवारच्या चौकटीत ८७० पडले. शाळेची प्रॅक्टिस ६० गुणिले ५, तीनशे. रविवारी बेरीज. तुमच्या आधीच्या वेळापत्रकाची मी अंदाजानं केली तर आठवड्याला चार हजारांच्या थोडी वर जाते, चवथीच्या आठवड्यात शून्य, आणि नंतरच्या आठवड्यात दोन मॅच धरल्या, ६० मिनिटं गुणिले ९, तर पाच हजारांच्या पुढं. शून्यावरून पाच हजार. हे कागदावर दिसलं की कुणाला काही समजवावं लागत नाही. किती टक्क्यांनी वाढवलं तर चालतं यावर तज्ज्ञांत भांडणं आहेत, दहा टक्क्यांचा नियम सगळे सांगतात पण त्याला म्हणावा तसा पुरावा नाही, म्हणून मी टक्के सांगत बसत नाही. सुट्टीनंतर पहिला आठवडा अर्धा, दुसरा पाऊण, तिसऱ्याला पूर्ण, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. दिवाळी येतेय, नरकासुराचे पुतळे करायला पोरं रात्र-रात्र जागतील, तेव्हाही हेच. मे महिन्याच्या सुट्टीनंतर पावसाळी टुर्नामेंट सुरू होतात तेव्हाही हेच.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. तीन महिन्यांत दीड-दोन सेंटीमीटर चढली तर ते दिवस सांभाळायचे, तेव्हा उड्या वाढवायच्या नाहीत, नवीन क्लब जोडायचा नाही.

झोप बघा. क्लबातून साडेआठला येते, अभ्यास करून साडेअकराला झोपते, साडेपाचला उठते, म्हणजे सहा तास. या वयाला आठ ते दहा लागतात आणि आठाहून कमी झोपणाऱ्या खेळाडू पोरांत दुखापती जास्त होतात असं दिसलंय. गुरुवारचा क्लब गेला की निदान एक रात्र सुटते. खाणं, सकाळी नुसता चहा-पाव खाऊन पळते लिहिलंत, तसं नको, पेज असो, अंडं असो, काल रात्रीचं हुमण (माशाची आमटी) आणि भात असो, पोटात काहीतरी हवं, वाढायचं आणि खेळायचं दोन्ही त्यातूनच व्हायचंय. मुलींच्या आयांना एक जादा सांगते, खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने चुकली किंवा पंधरा वर्षं होऊनही आली नाही तर "खेळते म्हणून असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा, त्याचा हाडांशी थेट संबंध आहे.

आणि हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे कधी जायचं? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गुडघा फुगणं किंवा अडकणं, ताप. आणि एक जे फार लोकांना माहीत नसतं, दुखतं गुडघ्यात किंवा मांडीत पण बिघाड असतो खुब्यात. या वयात खुब्याच्या हाडाची टोपी वाढीच्या रेषेवरून सरकू शकते, पोर लंगडतं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून चालतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी जायचं, चालवतही न्यायचं नाही. तुमच्या लेकीचं तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात असू शकतं म्हणून लिहिलं.

राहिले शाळेचे सर. ते नाराज होतील, स्पोर्ट्सच्या मार्कांचं काढतील असं तुम्हाला वाटतंय. पोरगी आठवीत आहे, दहावीला अजून वेळ आहे, आणि दहावीच्या वर्षी खेळायला गुडघा लागेल हे त्यांनाही कळतं. त्यांच्याशी भांडू नका, डॉक्टरची चिठ्ठी आणि कालनिर्णयचा फोटो, दोन्ही घेऊन जा. माझा अनुभव असा की पीटीचे सर वाईट नसतात, त्यांना बाकीचे दोन कोच काय करतात ते कुणी सांगितलेलंच नसतं. जमलं तर तिघांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, ग्रुपमध्ये रविवारी बेरीज टाकायची, बस. पहिल्या महिन्यात कुणी उत्तर देणार नाही, तरी टाकत राहा.

सोमवारी अ‍ॅकॅडमीच्या कोचना फोन कराल तेव्हा पैशांचं नंतर, आधी एवढंच विचारा: "सर, त्या दोन शून्यांच्या वेळी ती दुखतंय म्हणाली होती का?" ते हो म्हणतील. मग म्हणा, गुडघा दाखवून आणते, चार आठवडे रविवारी वीस मिनिटं तो फिफाचा वॉर्मअप सगळ्याच पोरींना घ्या, माझीला उड्या सोडून, आणि नंतर टेस्ट परत करू. चार आठवड्यांनी मला कालनिर्णयच्या त्या पानाचा फोटो पाठवा. आकडे लेकीच्या हातचे असू देत, तुम्ही लिहिलेले मी ओळखते.